तवसळीचे इंग्रजी

मंडळी, वालाच्या पेरणीविषयी या अंकी लिहीन, असे मागच्या वेळी कबूल केले होते. भात कापून खाचर मोकळे झाले, की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल-पावटा कसा साधावा, हा तो विषय. तो पुढील अंकी नक्की घेऊ. मध्येच दुसरी एक गोष्ट आडवी आली आणि ती सांगितल्यावाचून राहवेना. गोष्ट वाढदिवसाच्या केकची आहे आणि इंग्रजी बोलण्याच्या सरावाची आहे. शेतकी खात्यातल्या माणसाने या दोन्ही भानगडींत कशाला पडावे, असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. पण ऐका तर खरे.

केक हा शब्द मी पहिल्यांदा शिकलो तो कृषी पदवीच्या पहिल्या वर्षी, आणि तोही खाण्याच्या नव्हे, खतांच्या पाठात. भुईमुगाची पेंड म्हणजे ग्राउंडनट केक, निंबोळी पेंड म्हणजे नीम केक, एरंडीची पेंड म्हणजे कॅस्टर केक. तेल काढून घेतले की दाबलेला जो चोथा उरतो, त्याला इंग्रजीत केक म्हणतात. (जाता जाता सांगतो, एरंडीची पेंड फक्त खताला वापरावी. ती गुरांना घालू नये, विषारी असते.) त्यामुळे वसतिगृहातला एक शहरी मित्र "उद्या माझ्या वाढदिवसाचा केक येणार आहे" असे म्हणाला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम पेंडीचे पोते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्या गुलाबी साखरेच्या फुलांचा तुकडा हातावर पडला, तेव्हा कुठे उलगडा झाला. आमच्या घरी वाढदिवस म्हणजे आईने पाटावर बसवून ओवाळायचे, हातावर गूळ-खोबरे ठेवायचे, आणि मग शाळेला पळायचे.

आता मूळ हकीकत. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावातली एक मुलगी परिचारिकेचे शिक्षण पुरे करून मुंबईच्या एका रुग्णालयात नोकरीला लागली. हुशार आणि कामसू. तिच्या मनात इंग्लंडला जायचे आले. तिकडे परिचारिका म्हणून नोंदणी करायची तर इंग्रजी येते हे आधी सिद्ध करावे लागते. त्यासाठी आयल्ट्स नावाची परीक्षा आहे. या नावाने ती १९८९ पासून घेतली जाते. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग असून प्रत्येकाला नऊपैकी गुण मिळतात. परिचारिकांना लिहिण्यात साडेसहा चालतात, बाकी तिन्हींत सात हवेत. या मुलीला पहिल्या खेपेस ऐकण्यात सात, वाचण्यात सात, लिहिण्यात साडेसहा मिळाले आणि बोलण्यात सहा. म्हणजे तीन बैल वाटेला लागले आणि चौथा चिखलात बसला.

परीक्षेची फी काही थोडीथोडकी नसते. पहिली फी तिने स्वतःच्या पगारातून भरली होती. दुसऱ्या वेळेस वडिलांनी गोठ्याच्या छपरासाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून दिले. हा गोठा २०२०च्या वादळात उघडा पडलेला. तेव्हापासून त्यावर ताडपत्री आहे. गुरे यंदाचा पावसाळाही ताडपत्रीखालीच राहिली, हे तिला रोज सकाळी दिसत होते. महिनाभराची रजा काढून ती गावी अभ्यासाला आली होती.

एका संध्याकाळी ती वही घेऊन माझ्या पडवीत आली. "काका, तुम्ही नुसते ऐकायला बसाल का?" म्हणाली.

मी म्हटले, "अगो, माझे इंग्रजी म्हणजे औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीएवढे. एका पंपाला किती मिली, आणि लहान मुलांच्या हाती देऊ नये. त्याच्या पुढे माझी मजल नाही."

"ऐकणारा माणूस हवा, काका. भिंतीशी बोलून कंटाळा आला."

तिने मला परीक्षेची रीत समजावून दिली. बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते. समोर परीक्षक एकटाच. आधी घरदार, गाव, काम यांची विचारपूस होते. मग तो एक चिठ्ठी हातात देतो. चिठ्ठीवर विषय असतो आणि त्याखाली तीन-चार मुद्दे. विचार करायला एक मिनिट आणि टिपण काढायला कागद-पेन्सिल मिळते. त्यानंतर दोन मिनिटांपर्यंत आपण एकट्याने बोलायचे. शेवटी त्याच विषयाच्या अंगाने परीक्षक आणखी प्रश्न विचारतो. गुण देताना चार गोष्टी बघतात: न अडखळता व सुसंगत बोलणे, शब्दांचा साठा, व्याकरण आणि उच्चार. सांगितलेली हकीकत खरी की खोटी, याला गुण नाहीत.

सरावाच्या चिठ्ठ्यांतली त्या दिवसाची चिठ्ठी होती: लक्षात राहिलेल्या वाढदिवसाच्या केकचे वर्णन करा. केक कसा होता, तो कोणी दिला, केव्हा मिळाला आणि तो लक्षात का राहिला.

तिने घड्याळ लावले आणि सुरू केले. "माय अंकल गिफ्टेड मी अ थ्री-लेयर चॉकलेट केक." मग त्यावरचे क्रीम, लाल चेरी, सोनेरी अक्षरांतले नाव, मोठ्या हॉटेलातले दिवे, टाळ्या. सगळे घडाघड, एका दमात, आमच्या शाळेत पाढे म्हणत तसे. दीड मिनिटात ती थांबली आणि माझ्याकडे बघू लागली.

मी विचारले, "कोण हा तुझा काका? मला तर ठाऊक नाही."

"कोणी नाही हो. क्लासमध्ये लिहून दिलंय. सगळ्यांना हेच."

"बरे. चव कशी होती?"

"स्वीट," ती म्हणाली. मग "व्हेरी स्वीट." आणि पुढे गाडी हलेना. चेरी कशी लागते, तिला माहीत नव्हते. क्रीम तिला आवडतच नाही. वहीत चवीचे वाक्य नव्हते, म्हणून तिच्याजवळही ते नव्हते. पुण्याला पहिल्या परीक्षेत असेच झाले होते, असे तिने खाली मान घालून सांगितले. विषय दुसरा होता, पण पाठ केलेले दोन मिनिटे छान वठले. मग परीक्षकाने साधा एक प्रश्न विचारला आणि तोंडाला कुलूप बसले. पाठ केलेले उत्तर परीक्षकाला ओळखू येते. दिवसभर तो तेच ऐकत असतो.

मला एकदम माझी तोंडी परीक्षा आठवली. पदवीचे दुसरे वर्ष होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भाताचे एक पान पुढे केले आणि इंग्रजीतून विचारले, रोगाची लक्षणे सांग. पानावर करपा होता. करपा मी लहानपणापासून आमच्या खाचरात बघत आलो होतो. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, अगदी डोळ्याच्या आकाराचा ठिपका. पण त्या क्षणी तोंडून बाहेर पडली ती पाठ केलेली कडा करप्याची लक्षणे, पान कडेने वाळत येते वगैरे. परीक्षकांनी पान माझ्या नाकापुढे धरले आणि म्हणाले, "इथे जे दिसते आहे ते सांग." मला दिसत होते, पण सांगता येईना. शेजारची पोरे हसली. ते हसणे अजून मधूनच ऐकू येते, आता पन्नाशी उलटली तरी.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. महाराष्ट्रात मराठी शाळांतून ते पहिलीपासून सुरू झाले सन २००० मध्ये. म्हणजे या मुलीने माझ्यापेक्षा चार वर्षे अधिक इंग्रजी शिकले. पण वर्गात आपल्या घरातली एखादी गोष्ट इंग्रजीत सांग, असे तिला कोणी कधी म्हटले नव्हते. मलाही कोणी म्हटले नव्हते.

मी तिला म्हटले, "तुला खरोखर लक्षात राहिलेला केक कोणता?"

"केक कुठला आमच्यात? माझा वाढदिवस सप्टेंबरात. आजी तवसळी करायची."

"मग ती सांग."

ती हसली. "काका, परीक्षा आहे ती. तवसळी कोण सांगतं?"

घाटावरच्या वाचकांसाठी थांबून सांगायला हवे. पावसाच्या सुरुवातीला कोकणात परड्यात मांडवावर काकडीचा वेल चढवतात. काही फळे कोवळी न काढता तशीच ठेवली, की भाद्रपद-आश्विनात ती हातभर लांब होतात, पिवळी-तांबूस पडतात. ते तवसे. त्याचा कीस, तांदळाचा जाडसर रवा, गूळ आणि ओले खोबरे यांची खाली-वर विस्तव ठेवून भाजलेली जाड वडी म्हणजे तवसळी. कोणी तिला धोंडस म्हणतात. वरून खरपूस, आतून मऊ, आणि हळदीच्या पानाचा वास. शहरातले लोक हल्ली तिला काकडीचा केकच म्हणतात, तेव्हा चिठ्ठीवरच्या विषयाला ती सोडून नव्हती. आणि केक हा शब्द तरी इंग्रजांच्या घरचा कुठे आहे? तोही त्यांनी उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या नॉर्स भाषेतून घेतलेला.

आमच्या शेतकी विस्ताराच्या कामात एक जुनी पद्धत आहे. व्याख्यान देऊन भागत नाही, करून दाखवावे लागते. बीजप्रक्रिया कशी करावी हे तासभर सांगितले तर लोक जांभया देतात. घमेल्यात बी घेऊन औषध चोळून दाखवले, की दहा मिनिटांत काम होते. तेव्हा मी ठरवले की तवसळीचे प्रात्यक्षिकच करायचे. योगायोगाने वाढदिवस चार दिवसांवर आला होता. तिच्या आईला, वहिनींना, जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, करायची ती करू, पण तिला इंग्रजीत बडबडत माझ्या चुलीपाशी बसवाल तर रवा लागेल खाली."

रविवारी सकाळी आम्ही तिघे चुलीपाशी बसलो. वहिनी करीत होत्या, मुलगी इंग्रजीत सांगत होती आणि मी आपला शेतकरी मेळाव्यात प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्यासारखा मध्ये मध्ये विचारीत होतो. आधी का चिरले? आता काय टाकले? पाणी का नाही घातले? सगळे इंग्रजीतून, मोडक्यातोडक्या.

पहिली अडचण तवशाचीच आली. ककंबर म्हटले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ताटातली हिरवी काकडी येणार. मग "अ बिग यलो ककंबर, ॲज लाँग ॲज माय आर्म" असे ठरले. वहिनींनी देठाकडची चकती कापून जिभेला लावून बघितली. कडू तवशाने सगळी तवसळी फुकट जाते आणि कडूपणा देठाकडे अधिक असतो. मुलीने ते लगेच सांगितले, "शी टेस्ट्स द स्टॉक एंड फर्स्ट." स्टॉक एंड शब्द मी दिला. आंब्याच्या देठकुजीवर इतकी वर्षे वाचतो आहे, तेवढा तरी उपयोग झाला. किसणे याला ग्रेट, भाजणे याला रोस्ट. कीस पिळायचा नाही, त्याच्याच रसात रवा शिजतो, वरून पाण्याचा थेंब नाही. हे सांगताना तिचे वाक्य पहिल्यांदा लांब झाले: पाणी घालावे लागत नाही, कारण काकडी स्वतःच पाणी देते. बिकॉज कुठे घालावे याचा तिने विचारही केला नाही.

गुळाला जॅगरी. हा शब्द तिला फार इंग्रजी वाटत होता. मी सांगितले, की तो पोर्तुगीजांनी मलबारच्या किनाऱ्यावरून उचलला आणि इंग्रजांनी त्यांच्याकडून घेतला. त्याच्या मुळाशी आपली शर्कराच आहे. मँगो आणि कॉयर हे शब्दही त्याच किनाऱ्यावरून जहाजात चढले. "म्हणजे आपलाच गूळ त्यांनी आपल्याला परत विकला," वहिनी म्हणाल्या. रवा त्यांनी खाली लागू दिला नव्हता, हेही नमूद करतो.

टोपाला तूप लावून हळदीची पाने घातली. त्यावर शिजलेले मिश्रण, वर पुन्हा पाने, वर झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. निखाऱ्यांना इंग्रजीत खास शब्द आहे, एम्बर्स, तो तिने वहीत शोधला. मी म्हटले, ऐन वेळी नाही आठवला तर हॉट कोल्स म्हण, जग बुडत नाही. चूल मंद केली. पाऊण तास काही करायचे नव्हते. वास सुटायला लागला.

तेवढ्यात तिला म्हटले, "आता लक्षात राहिलेला वाढदिवस सांग. ही तवसळी दर वर्षीची झाली. चिठ्ठीत एकच मागितली आहे."

ती थोडी गप्प बसली. मग म्हणाली, "दोन हजार वीस."

२०२० सालच्या ३ जूनला, बुधवारी, निसर्ग वादळ आले. किनाऱ्याला लागले ते रायगडात, पण आमच्या दापोली-मंडणगडचीही त्याने वाताहत केली. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मी त्या दिवसांत पंचनाम्यांच्या कागदांची पिशवी खांद्याला लावून वाड्या-वाड्या फिरत होतो. या मुलीच्या घरी गेलो, तेव्हा घरामागचे माड आडवे पडले होते, काही मुळासकट, काही मध्यावर मोडलेले. ते माड तिच्या आजीच्या सासऱ्यांनी लावलेले. आजी वहाणेशिवाय त्या ढिगातून हिंडत नारळ गोळा करीत होती. मी मोजायचो आणि ती मला दुरुस्त करायची, "तो धरू नको, तो गेल्या सालीच मेलाय." सरकारी कागदावर एक झाड जास्त लागले असते तर तिचेच भले होते. पण नाही.

पुढे माझ्या ध्यानात आलेली एक गोष्ट शेतीच्या दृष्टीनेही सांगण्यासारखी आहे. त्या परड्यात कधी ऊन शिरत नसे. माड-पोफळी पडल्या आणि एकाएकी मोकळे आभाळ झाले. आजीने जूनच्या मध्यावर तिथे तवशाचे बी टोकले आणि पडलेल्या फणसाच्या फांद्यांचा मांडव घातला. त्या वर्षी त्या वेलाला जशी फळे लागली, तशी त्या घरात आधी कोणी पाहिली नव्हती. काकडीला ऊन लागते, हे मी पुस्तकात वाचून सांगत असे. तिथे डोळ्यांनी बघितले.

मुलगी तेव्हा शिक्षणाच्या सुरुवातीच्या वर्षात होती. महाविद्यालय बंद, करोनाचे दिवस, गावात बाहेरून काही येत नव्हते. वाढदिवसाला आजीने अंगणात तीन दगड मांडून तवसळी लावली. त्यात घातलेले नारळ त्या पडलेल्या माडांचे, पडवीत रचून ठेवलेले. झाकणावरचे निखारेही त्यांच्याच करवंट्यांचे. ओवाळून झाल्यावर आजी म्हणाली होती, "खा गो बाय, या माडांचा हा शेवटचा घास."

हे सगळे तिने आधी मला मराठीतच सांगितले. मग मी घड्याळ लावले. इंग्रजीत सुरू झाले, "माय ग्रँडमदर मेड इट फ्रॉम अ ककंबर." पहिले वाक्यच असे, की परीक्षकाने पेन खाली ठेवावे. वादळ आले, माड पडले, मांडव झाला, तवसे वाढले. चुका होत होत्या. मेड म्हणायचे तिथे मेक, वॉजच्या जागी इज. पण प्रत्येक वेळी ती स्वतःच मागे येऊन दुरुस्त करीत होती, कारण गोष्ट तिची होती. शेवटच्या घासापाशी आली आणि थांबली. मग मराठीत म्हणाली, "काका, मला नाही जमणार हे." आजी पुढल्याच वर्षी गेली. नात त्या वेळी रुग्णालयात कामावर होती. तिला पोचायला उशीर झाला.

मला काय बोलावे सुचेना. चिठ्ठी बदल, असे म्हणणार होतो. वहिनी झाकणावरचे निखारे चिमट्याने सारखे करीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ड्यूटीवर एखादं माणूस जातं, तेव्हा काय करतेस? रडत बसतेस? गिळतेस नि पुढच्या खाटेकडे जातेस ना? मग तसंच पुढलं वाक्य बोलायचं."

तिने पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. दुसऱ्या खेपेस एक मिनिट चाळीस सेकंद झाली. तिसऱ्या खेपेस दोन मिनिटे उलटून गेली आणि मलाच थांबवावे लागले. मग मी परीक्षक होऊन विचारले, पूर्वीचे आणि आताचे वाढदिवस यांत काय फरक? ती म्हणाली, आजीला मेणबत्ती फुंकलेली आवडत नसे. आमच्यात दिवा लावून ओवाळतात, विझवून नाही. पण मला मुंबईत मैत्रिणींबरोबर केक कापायलाही आवडते. इंग्रजीत हे सांगताना तिला एकही शब्द शोधावा लागला नाही. मला मात्र "विझवणे"साठी ती काय म्हणाली, हे पुन्हा विचारावे लागले.

टोप उघडला. तवसळी खालून जराशी जास्त लागली होती, बोलण्याच्या नादात. तरी तिघांनी पाऊण संपवली.

त्यानंतरचे पंधरा दिवस ती रोज येत राहिली. क्लासची वही घरीच राहू लागली. एका मिनिटात वाक्ये लिहायची नाहीत, फक्त पाच-सहा शब्द लिहायचे, अशी तिने स्वतःच रीत बसवली. पूल हा विषय आला तर गावच्या साकवावर बोलली, खरेदी आली तर मिरगाच्या आधीच्या बाजारावर. एकदा विषय आला, तुम्हांला आवडलेले एखादे यंत्र. तिने वडिलांचा पाठीवरचा फवारणी पंप घेतला आणि त्याचे नोझल कसे तुंबते हे असे सांगितले, की मीच दोन गोष्टी नव्याने ऐकल्या. उच्चारात अजून कोकण डोकावते. त्याचे मला काही वाटत नाही. समोरच्याला नीट समजले म्हणजे झाले, असे माझे मत आहे. परीक्षकाचे काय आहे ते तो जाणे.

गेल्या आठवड्यात ती पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आली. रात्रीच्या एस.टी.तून उतरून सकाळी आमच्या दाराशी उभी राहिली. मी विचारले, "काय गो, केक आला का?"

"कुठला केक, काका! अपेक्षेपेक्षा लांबलेला प्रवास आला."

"मग?"

"मग काय, घाटात दरड कोसळली होती नि आमची एस.टी. रात्रभर अडकली होती, ते सांगितलं. पुढच्या गाडीतल्या बाईच्या तापलेल्या पोराला मी ओल्या फडक्याने पुसत बसले होते, तेही सांगितलं. त्याने विचारलं, मुलाचं पुढे काय झालं? मी म्हटलं, मला माहीत नाही, सकाळी गाड्या सुटल्या."

निकाल अजून लागायचा आहे. तिचे वडील काल बांधावर भेटले, पण परीक्षेविषयी काही बोलले नाहीत. पत्र्याचा भाव काय चाललाय, तेवढे विचारले. वादळानंतर भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राकडून आणून लावलेली बाणवलीची रोपे त्यांनी मला दाखवली. पात्या आता घराच्या वळचणीला लागल्या आहेत. एकाच्या सुरळीत गेंड्या भुंग्याची छिद्रे दिसली. तारेच्या आकड्याने भुंगा काढून तिथे वाळू आणि निंबोळी पेंड मिसळून भरायला सांगून आलो.

त्या दिवशीच्या तवशाचे बी वहिनींनी मला दिले आहे. तवसळीचे फळ पुरते पिकलेले असते, म्हणून त्याचे बी आपोआपच हाती येते. ते चुलीत जाऊ देऊ नये. गर धुऊन काढला, वर तरंगणारे पोकळ बी टाकून दिले आणि तळाशी बसलेले सावलीत वाळत घातले आहे. पुरते खडखडीत वाळले, की राखेत मिसळून बाटलीत भरीन आणि बाटलीवर २०२०चा वेल असे लिहून ठेवीन. तुमच्या परड्यात असे एखादे जुने तवसे पिवळे पडले असेल, तर याच आठवड्यात उतरवा. देठ वाळला म्हणजे बी तयार झाले, असे समजा. वालाचे पुढील अंकी.